पिवळी कॉफी

"अहो, भर अटलांटिकमध्ये बंद पडलेलं इंजिन एका पान्याच्या जोरावर चालू केलेला माणूस मी! मला बिअर जमणार नाही? पाणी, माल्ट, यीस्ट आणि अक्कल. पहिलं नळाला येतं, दुसरं-तिसरं कुरिअरने येतं, आणि चौथं माझ्याकडे जन्मापासून आहे!"

हे भाषण हरिश्चंद्र शिवलकर यांनी एका सकाळी दाढी करताना आरशाला ठोकलं. आरशालाच, कारण मिऱ्या रस्त्यावरच्या त्या घरात ऐकायला दुसरं कुणी नव्हतं. आणि कुणी नव्हतं म्हणूनच तर ही सगळी भानगड झाली!

हरिभाऊ बोटीवर इंजिनियर होते. लग्न झाल्यापासून रिटायर होईपर्यंत त्यांचा संसार म्हणजे भरती-ओहोटी. आठ-नऊ महिने समुद्र, मग दोन-तीन महिने रत्नागिरी. बायकोच्या हातच्या सुरमईची चव जिभेवर बसते न बसते तोच पुन्हा बॅग भरा! दमयंतीबाईंनी मुलगी एकटीने वाढवली, घर एकटीने बांधून घेतलं, गवंड्यांशी एकटीने भांडल्या. हरिभाऊ कायमचे घरी आले तेव्हा त्या म्हणाल्या, "आता बसा समोर. इतक्या वर्षांचं बोलायचं राहिलंय."

बसले. वर्षभर बसले. जेमतेम पहिल्या पाच वर्षांचं बोलून झालं असेल, तोच मेलबर्नहून लेकीचा, दीपालीचा फोन आला. गोड बातमी होती! दमयंतीबाई 'तीनच महिन्यांसाठी' म्हणून गेल्या आणि तिकडेच रुतल्या. आधी नातवाला दात यायचे होते. मग तो रांगायचा होता. आता तो धरून उभा राहायच्या बेतात होता. हे असंच चाललं तर बाई त्याची मुंज आटोपूनच परततील, अशी हरिभाऊंना धास्ती पडली.

आणि घर? घर इतकं गप्प झालं होतं की फ्रिज सुरू झाला तरी हरिभाऊ "कोण?" म्हणून विचारत. संध्याकाळी ते बाईंची मालिका मोठ्या आवाजात लावून ठेवत. त्यातली सासू कोण, सून कोण, त्यांना पत्ता नव्हता. पण घरात कुणीतरी कुणाला तरी बोलतंय, एवढं पुरे होतं! चहा टाकताना हात दोन कप पाणी घ्यायचा. मग दुसरा कपही तेच प्यायचे, बाईंच्या खुर्चीत बसून.

पण हे तिला सांगतील तर शपथ! फोनवर एकच उत्तर: "मी? एकदम मजेत! काही काळजी करू नको!" तीस वर्षं बोटीवरून फोन करताना माणसाला हे एकच वाक्य पाठ होतं. घरच्यांना उगाच घोर नको म्हणून. ते आता जिभेवर गंजून घट्ट बसलं होतं.

शेवटी दमयंतीबाई म्हणाल्या, गुढीपाडव्याला येते. आणि हरिभाऊंच्या डोक्यात रॉटरडॅम आलं.

दहाएक वर्षांपूर्वी कंपनीच्या परवानगीने त्यांनी बायकोला एका सफरीवर नेलं होतं. रॉटरडॅमला बोट लागली. हाडं वाजवणारी थंडी! एका छोट्या हॉटेलात बाईंना बसवून हरिभाऊ पैसे बदलायला गेले. बाईंना इंग्रजीची भीती अशी नव्हतीच. त्यांनी मेनूकार्डावर 'कॉफी' हा शब्द शोधून त्यावर बोट ठेवलं. आला एक उंच ग्लास. आत मधासारखं पिवळं काहीतरी, वर फेस आणि वास थेट ताज्या भाजलेल्या कॉफीचा! हरिभाऊ परतले तेव्हा ग्लास रिकामा होता.

"अहो, इकडची कॉफी पिवळी असते," बाई म्हणाल्या. "छान होती हो. जरा फसफसते, एवढंच."

हरिभाऊंनी मेनूकार्ड वाचलं आणि कपाळाला हात लावला. "दमे, तू बिअर प्यायलीस! कॉफी घातलेली बिअर!"

संकष्टी न चुकवणाऱ्या दमयंतीबाईंनी आधी डोळे मोठे केले. मग तोंडाला पदर लावला. आणि मग त्या हसायला लागल्या! हॉटेलात हसल्या, ट्राममध्ये हसल्या, बोटीच्या शिडीपर्यंत हसल्या. आणि भर रस्त्यात त्यांनी हरिभाऊंचा हात धरला. रत्नागिरीत ज्या बाई देवळात जाताना सुद्धा नवऱ्याच्या चार पावलं पुढे चालत, त्यांनी! सगळ्या संसारात हरिभाऊंनी तिला तसं हसताना पाहिलं ते तेवढ्या एका दुपारी. बाकीच्या वेळी ती हसली असेल, तेव्हा ते समुद्रात होते.

तर पाडव्याला त्याच पिवळ्या कॉफीचा ग्लास तिच्या हातात द्यायचा, असा बेत ठरला. हरिभाऊंचे आजोबा माडावर चढून माडी उतरवायचे. म्हणजे फसफसणं तसं रक्तातच होतं! घरी बिअर गाळणं कायद्यात बसत नाही, हे वाचनात येईपर्यंत मोड आणून वाळवलेल्या सातूचं माल्ट, यीस्ट आणि हॉप्स नावाची कडू फुलं कुरिअरने येऊन पडली होती. आणि इंजिनियर माणूस आलेलं सामान परत पाठवत नाही.

पहिला प्रयत्न उन्हाळ्याने खाल्ला. बिअरला थंडावा लागतो आणि शिमग्याच्या तोंडावरची रत्नागिरी म्हणजे बोटीची बॉयलर रूम! चार दिवसांत जारमधून सडक्या केळ्यांचा वास सुटला. हरिभाऊंनी तो सगळा ऐवज माडाच्या मुळाशी ओतला. दुसऱ्या दिवशी परसातले कावळे दिवसभर एकमेकांच्या अंगावर रेलून बसले होते.

मग त्यांनी मिरकरवाडा जेटी गाठली. तिथे दर्शना तांडेल म्हणजे मासळीच्या लिलावातला शेवटचा शब्द. बाई दमयंतीबाईंची जिवाभावाची मैत्रीण. तिचा आवाज भरसमुद्रातल्या होडीपर्यंत पोचतो, असं म्हणतात.

"रोजचा पेटीभर बर्फ?" दर्शना कमरेवर हात ठेवून म्हणाली. "भावोजी, घरात मयत बियत ठेवलंय काय?"

"नाही गं! कॉफी ठेवायचीय. थंड लागते तिला."

"कॉफी गरम पितात."

"ही परदेशी आहे."

"दमाताई नाय घरात तर काय काय सुचतंय या माणसाला!" दर्शनाने आख्ख्या जेटीला ऐकवलं. पण बर्फ कबूल केला.

त्या दिवसापासून तिचा टेम्पोवाला उमेर रोज सकाळी बर्फाने भरलेली निळी पेटी आणून ठेवू लागला. हरिभाऊ जार जुन्या पेटीतून नव्या पेटीत हलवत आणि वितळल्या पाण्याची जुनी पेटी उमेर परत नेई. उमेर दुबईत पंधरा वर्षं ट्रेलर चालवून आलेला, शांत, नमाजी माणूस. "काका, आत काय आहे?" असं त्याने एकदा विचारलं होतं. हरिभाऊ म्हणाले, "कॉफी." म्हणताना नावातल्या हरिश्चंद्राने आतून चिमटा काढला, पण त्यांनी तिकडे कानाडोळा केला.

दुसरी खेप मात्र जमली! काय रंग! पहाटेच्या उन्हासारखा. काय बुडबुडे! शेवटची पायरी उरली होती. कॉफीचे दाणे कुटायचे नाहीत, उकळायचे नाहीत. अख्खेच फडक्यात बांधून थंड बिअरमध्ये सोडायचे, म्हणजे रंग पिवळाच राहतो आणि वास उतरतो. हरिभाऊंनी दाण्यांची पुरचुंडी जारमध्ये सोडली, तोंडाला हवा सोडणारी वाकडी नळी बसवली आणि झोपताना बऱ्याच महिन्यांनी शीळ घातली.

सकाळी पाहतात तो घरभर कॉफीचा घमघमाट! उमेरने नवी पेटी ओसरीत आणून ठेवली, जार तिच्यात हलवायला ते वाकले आणि नेमका त्याच वेळी आत फोन वाजला. मेलबर्न!

"अहो, ऐका ना," दमयंतीबाईंचा आवाज आज जरा वेगळाच होता. "दीपाली म्हणतेय, तिची नोकरी आत्ताच सुरू झालीय, तर पाडव्याला जाऊ नकोस. अजून तीन महिने राहा म्हणते."

हरिभाऊंच्या हातातला बर्फाचा खडा तसाच विरघळू लागला.

"मग... मी राहू का?" बाईंनी विचारलं.

"काका," उमेर ओसरीतून विचारत होता, "मी आता साळवी साहेबांकडेच चाललोय, आऱ्याला. त्यांच्या नव्या बंगल्याचं जेवण आहे आज. तुम्हाला पण आमंत्रण असेल ना? ही पेटी नेऊ का?"

"खुशाल!" हरिभाऊ म्हणाले. जरा जास्तच जोरात म्हणाले. "त्यात विचारायचं काय! खुशाल!"

"नक्की?" बाई म्हणाल्या.

"नक्की ना?" उमेर म्हणाला. कारण पेटी जड होती. झाकण उचलून पाहिलं तर आत जार, आणि वास कॉफीचा.

"अगदी नक्की! माझी काही हरकत नाही! मी इथे मजेत आहे!"

मग "बरं," असं म्हणून बाईंनी फोन ठेवला.

उमेर काय समजायचं ते समजला. काका जेवणाला येत नाहीत, पण साहेबांसाठी कॉफी धाडताहेत. किती मोठ्या मनाचा माणूस! पेटीचं झाकण मात्र त्या वाकड्या नळीला अडत होतं. माल बांधण्यात उमेरचा हात धरणारा अख्ख्या जेटीवर कुणी नाही. त्याने नळी काढून बाजूला ठेवली, शेजारी पडलेलं जारचं झाकण घेतलं आणि गरगर फिरवून असं घट्ट आवळलं की आतून मुंगीचा श्वास बाहेर येऊ नये!

हरिभाऊ गॅलरीत जाऊन बसले. समोर समुद्र होता. याच गॅलरीत बसून ती वर्षानुवर्षं याच पाण्याकडे बघत असेल, हे त्यांच्या आजवर कधी डोक्यात आलं नव्हतं. बोटीवर माणसाला काम असतं. पाळ्या असतात, इंजिन खडखडतं, जेवायला घंटा होते. धक्क्यावर राहिलेल्या माणसाला काय असतं? नुसतं पाणी असतं! आणि ते रोज तिथेच असतं. अजून तीन महिने. त्यांनी स्वतःलाच सांगितलं, "चला, बिअर आणखी मुरेल." पण ते त्यांचं त्यांनाच पटलं नाही.

बऱ्याच वेळाने ते उठून ओसरीत आले. पेटी उघडली. आत बर्फ. खाली बर्फ. त्याच्याही खाली बर्फ! बाजूला ती वाकडी नळी पडलेली आणि जारचं झाकण गायब.

"उमेर!!"

उमेरचा फोन लागेना. आरे-वारेच्या वळणांवर रेंज कुणाची झालीय? त्यांनी दर्शनाला फोन लावला.

"कॉफी? ती तर साळवी साहेबांकडे गेली. उमेर बोलला मला, तुम्हीच धाडलीत."

"कुठले साळवी?"

"रावजी साळवी ओ! एक्साइजमधून रिटायर झाले ते. दारूबंदीवाले!"

हरिभाऊ खाली बसले. बर्फाच्या पेटीवरच बसले, पण गारवा कळला नाही. बेकायदा गाळलेली बिअर, आणि गेली कुठे तर जिल्ह्यातल्या तमाम हातभट्ट्यांचा काळ असलेल्या माणसाच्या घरी! तीही बुचाविना... नव्हे, भलतंच बूच लावून! इंजिनियरच्या डोक्यात दाबाचा काटा लाल पट्ट्यात सरकू लागला.

थोड्याच वेळात दर्शना स्कूटी घेऊन दारात. "बसा मागे! आणि धरा नीट, पडलात तर दमाताई मला सोलील!"

स्कूटी वाऱ्यावर निघाली. मागे हरिभाऊ, एका हाताने सीट धरलेली आणि दुसऱ्या हातात ती वाकडी नळी, राजदंडासारखी.

"आता खरं सांगा," दर्शना हेल्मेटमधून ओरडली. "कॉफीसाठी येवढा जीव कोण टाकतंय?"

चढावर हरिभाऊंनी सगळं सांगून टाकलं. रॉटरडॅम, पिवळा ग्लास, पाडवा, सगळं. दर्शना आधी इतकी हसली की स्कूटी रस्त्याच्या या कडेवरून त्या कडेला गेली. खाली समुद्र, वर हरिभाऊंचा रामरक्षेचा पाठ! मग उतार लागला. सुरूचं बन आलं. आणि तिने स्कूटीचा वेग कमी केला.

"भावोजी, हे दमाताईला सांगितलंत?"

"बिअरचं? छे! ती गंमत होती."

"बिअरचं नाय. करमत नाय म्हणून."

हरिभाऊंनी नळीच्या हाताने डोळे पुसले. वाऱ्याने डोळ्यांत पाणी आलं होतं. वाऱ्यानेच.

साळवी साहेबांच्या बंगल्यापुढे मांडव. आदल्या दिवशी वास्तुशांत झालेली, आज तिखटाचं जेवण. तळलेल्या सुरमईचा वास, पन्नास-साठ पाहुणे, आणि मांडवाच्या कडेला, नेमका उन्हाच्या पट्ट्यात, टेबलावर जार! पांढराशुभ्र झब्बा-पायजमा घातलेले रावजी साळवी जारशेजारी उभे होते आणि पाहुणे हातात ग्लास घेऊन रांगेत.

"थोर माणूस, शिवलकर!" साहेब सांगत होते. "स्वतः आले नाहीत, पण कोल्ड कॉफी धाडली. दूध न घातलेली दिसते. पिवळी आहे, काहीतरी हर्बल असेल."

"साहेब, उघडू नका!" हरिभाऊ फाटकातून ओरडले.

"या, या! संकोच कसला!" म्हणत साहेबांनी झाकण फिरवलं.

फट्!!

तोफ उडाली म्हणावी तर तोफेला एवढा फेस नसतो! जारमधून पिवळं कारंजं मांडवाच्या छताला जाऊन भिडलं. आख्खी रांग मागे कोसळली. झाकण कुठल्या कुठे गेलं. कॉफीच्या दाण्यांची पुरचुंडी आकाशात गेली, तिथे क्षणभर विचारात पडली, आणि सावकाश येऊन साहेबांच्या टकलावर बसली. फेस सुरमईच्या परातीतून, सोलकढीच्या पातेल्यावरून, साहेबांच्या झब्ब्यावरून ओघळत जमिनीवर आला.

सगळे साहेबांकडे बघू लागले.

साहेबांनी पुरचुंडी हातात घेतली. हुंगली. मग स्वतःची बाही हुंगली. एका नाकपुडीने, मग दुसऱ्या. सबंध नोकरी त्या नाकाच्या जोरावर केलेला माणूस तो!

"शिवलकर," ते हळूच म्हणाले, "ही कॉफी आहे?"

हरिभाऊंनी इकडेतिकडे पाहिलं. उमेर परातीजवळ उभा राहून त्यांच्याकडे बघत होता. 'कॉफी' असं त्याला सांगितलं होतं, तेच पुन्हा सांगता आलं असतं. पण त्या माणसाच्या डोळ्यात बघून सांगता येईना.

"नाही साहेब. बिअर आहे. घरी केलीय. मीच केलीय."

उमेर दोन पावलं मागे सरकला. "तौबा! काका, माझ्या टेम्पोतून?"

"चुकलो रे उमेर. तुला खरं सांगायला हवं होतं. तुझी माफी मागतो."

"कशासाठी पण?" साहेबांना राग कमी आणि आश्चर्य जास्त वाटत होतं. "तुमच्याकडे परमिट असेल, दुकानात मिळते की!"

"बायकोसाठी, साहेब."

"वहिनी बिअर पितात?"

मांडवात खसखस पिकली. "नाही, नाही!" हरिभाऊ घाबरले. "एकदाच प्यायली. चुकून. कॉफी समजून!" खसखस वाढली. जितकं सावरावं तितकं घसरत होतं. शेवटी त्यांनी सावरायचं सोडून दिलं. "साहेब, ती त्या दिवशी हसली होती. पोट धरून हसली होती. ते हसू मला पुन्हा ऐकायचं होतं, बाकी काही नाही. घर फार गप्प झालंय हो. मी एकटा टीव्ही लावून बसतो आणि मालिकेतल्या बायकांचं भांडण ऐकतो. ती पाडव्याला येणार होती, म्हणून हा खटाटोप. आता ती तीन महिने येतच नाहीय, आणि मी आज सकाळी तिला म्हटलं, खुशाल राहा! म्हटलं, मजेत आहे! काय मजा आहे, साहेब? फ्रिज बोलतो त्या घरात, बाकी कुणी बोलत नाही!"

आता कुणी हसलं नाही.

"अहो!"

हा आवाज मांडवातला नव्हता. हरिभाऊ दचकले. दर्शनाने हात उंच धरला होता आणि हातातल्या फोनमध्ये दमयंतीबाई होत्या, कडेवर नातू.

"मीच लावला," दर्शना म्हणाली. "फाटकातून आत आलो तेव्हाच लावला. मला नाय राहवलं."

"सकाळी खुशाल म्हणालात ना?" बाईंचा आवाज फुटत होता, रेंजमुळे की कशामुळे, देव जाणे.

"तू विचारलंस, राहू का म्हणून."

"मी विचारलं ते तुम्ही 'नको' म्हणावं म्हणून! सबंध जन्म तुम्ही बॅग उचलून दारात विचारायचात, 'जाऊ का?' आणि मी म्हणायची, 'या.' तेव्हा मला काय आनंद व्हायचा होय?"

हरिभाऊंना तीस वर्षांतले सगळे निरोप एकदम आठवले. दार, बॅग, रिक्षा, आणि दारात हात हलवणारी ती. प्रत्येक वेळी ती हसतच 'या' म्हणायची आणि त्यांना ते खरंच वाटायचं!

"मग ये," ते पुटपुटले.

"काय? मोठ्याने बोला, हा रडतोय इथे!"

"ये!" हरिभाऊ एवढ्या मोठ्याने ओरडले, की पलीकडच्या बागेतले पक्षी उडाले. "मला करमत नाही! ये!"

पन्नास-साठ माणसांसमोर, अंगावर बिअर, हातात वाकडी नळी! जन्मात जे चार भिंतींच्या आत म्हटलं नव्हतं ते चव्हाट्यावर झालं. मागच्या रांगेतल्या एका म्हातारीने डोळ्याला पदर लावला. दर्शना तर फोन धरल्या हातानेच नाक पुसत होती, त्यामुळे मेलबर्नला बराच वेळ तिचं नाकच दिसत होतं.

साळवी साहेबांनी झब्बा पिळला. खाली जमिनीकडे पाहिलं. होतं नव्हतं ते सगळं तांबड्या मातीने पिऊन टाकलं होतं.

"मुद्देमाल वाहून गेला," त्यांनी निकाल दिला. "पंचनामा करायचा तर आता मातीचा करावा लागेल. आणि मी रिटायर आहे, माझ्याकडे आता नाक आहे, अधिकार नाहीत. पण शिवलकर, पुन्हा हा उद्योग नको."

"नाही साहेब!"

"आणि बसा जेवायला. त्या परातीतली सुरमई सोडून काहीही घ्या." मग ते जवळ आले आणि कानात म्हणाले, "वास मात्र छान होता हो."

संध्याकाळी हरिभाऊंनी उमेरच्या टेम्पोचा हौदा स्वतःच्या हाताने साबण लावून तीन पाण्यांनी धुतला. उमेर बाजूला उभा राहून "राहू दे काका, राहू दे" म्हणत होता, पण पाण्याची नळी त्यानेच धरली होती.

आणि दमयंतीबाई पाडव्याला आल्या!

स्टेशनवर काय बोलायचं ते हरिभाऊंनी पाठ केलं होतं. गाडी आली, बाई उतरल्या, आणि तोंडातून निघालं ते, "बॅग जड आहे का?" जड होती. घरापर्यंत बोलणं बॅगांचंच झालं.

घरात पाऊल टाकलं आणि बाईंनी खालपासून वरपर्यंत एक नजर फिरवली.

"हे पडदे मी गेल्यापासून धुतले नाहीत ना?"

"नाही."

"आणि देवघरात हा पाना कशाला?"

"निरांजनाचा स्क्रू..."

"मी येईपर्यंत थांबता आलं नाही? बरं, आधी चहा टाका. लेकीने कॉफी पाजून पाजून जीव घेतलाय माझा. कॉफीचं नाव काढू नका!"

हरिभाऊ स्वयंपाकघरात गेले. दोन कप पाणी ठेवलं, शेजारी दूध तापत ठेवलं. बाहेरून आवाज येत होते. कपाट उघडल्याचा, बांगड्यांचा, झाडू आपटल्याचा. "अरे देवा, ही चादर!" "हा डबा इथे कुणी ठेवला?" "माडाखाली हे खत कसलं टाकलंय, कावळे काय जमलेत!" हरिभाऊ ओट्याला टेकून डोळे मिटून ऐकत राहिले. एकेक वाक्य त्या घरात जाऊन आपापल्या जागी बसत होतं.

चर्रर्र!

"दूध उतू गेलं वाटतं?" बाहेरून.

"हो गं! गेलं!" हरिभाऊ असे आनंदाने ओरडले की जणू नातूच झाला!

ताडताड पावलं स्वयंपाकघराकडे आली. बाईंनी गॅस बंद केला, ओट्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. फडकं घेऊन ओटा पुसला. पातेल्यात थेंब उरला नव्हता. मग दोघं गॅलरीत, समुद्राकडे तोंड करून, कोरा चहा घेऊन बसली.

"अगदीच पाणचट झालाय," दमयंतीबाई म्हणाल्या आणि त्यांनी दुसरा कप मागितला.